गाळलेल्या जागा

15 एप्रिल 2025, मंगळवार

हॅरी पॉटरच्या नव्या मालिकेतल्या मोठ्या माणसांची नावं काल रात्री जाहीर झाली. डंबलडोर जॉन लिथगो, मॅकगोनॅगल जॅनेट मॅकटीर, हॅग्रिड निक फ्रॉस्ट, स्नेप पापा एसिएडू. क्विरेल आणि फिल्चही ठरले. लिथगोने स्वतःच फेब्रुवारीत सांगून टाकलं होतं, त्यामुळे त्याचं आश्चर्य कुणाला नाही. अमेरिकी माणूस डंबलडोर होतो याचं दुःख मात्र काहींना अजून आहे.

खरी ठिणगी स्नेपवरून पडली. पुस्तकातला स्नेप पिवळट कातडीचा, बाकदार नाकाचा, तेलकट केसांचा. एसिएडू हा घानातून आलेल्या आईवडिलांचा, लंडनमध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय नट. भांडण कुठे जाणार हे सांगायला भविष्यवाल्या ट्रेलॉनीबाईंची गरज नव्हती.

निव्वळ द्वेषाची बडबड सोडून देऊ. माझ्या एका मैत्रिणीचा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नाही. पाचव्या पुस्तकात स्नेपची एक आठवण आहे. परीक्षा संपल्यावर तळ्याकाठी जेम्स पॉटर आणि सिरियस त्याला सगळ्यांदेखत उलटा टांगतात. तोच प्रसंग या नटाबरोबर जसाच्या तसा घेतला, तर खात्यापित्या घरातली गोरी पोरं एका काळ्या मुलाला टांगताहेत असं दिसेल. पुस्तकात नसलेला अर्थ पडद्यावर आपोआप उभा राहील. तिचं म्हणणं, मग जेम्स कोण करणार यावर सगळं अवलंबून आहे. मला ते पटलं.

पण मला एसिएडूबद्दल बरं वाटलं ते वेगळ्याच कारणाने. त्याचं वय. पहिल्या पुस्तकात स्नेप अवघा एकतीस वर्षांचा आहे. पहिला चित्रपट 2001 साली आला तेव्हा ॲलन रिकमन पंचावन्नचे होते. त्यांचा आवाज, ते थांबत थांबत बोलणं, सगळं कबूल. मीही त्या आवाजाची नक्कल करून घरच्यांना छळलेलं आहे. पण पंचावन्नचा माणूस एका पोरावर खार खातो तेव्हा तो खडूस मास्तर वाटतो. एकतीसचा माणूस तेच करतो तेव्हा कळतं, की याच्या डोक्यातली शाळा अजून सुटलेली नाही.

हे एकट्या स्नेपचं नाही. हॅरीचे आईबाप लिली आणि जेम्स मेले तेव्हा एकवीस वर्षांचे होते. गोड्रिक्स हॉलोच्या थडग्यावरच्या तारखांची वजाबाकी केली की हाच आकडा येतो. चित्रपटात आरशात दिसणारे आईबाप चांगले पोक्त, संसारी दिसतात. सिरियस, ल्युपिन, पीटर, सगळे तसेच. एक अख्खी तरुण पिढी लढाईत कापली गेली आणि उरलेली वाकडीतिकडी वाढली, ही त्या पुस्तकांच्या तळाशी असलेली गोष्ट आहे. वयं वाढवली की ती दिसेनाशी होते. नव्या मालिकेकडून मला काय हवंय असं कुणी विचारलं तर एवढंच.

28 मे, बुधवार

पाऊस यंदा मे महिन्यातच येऊन बसला. गच्चीवर घातलेले पापड अर्धे ओले, अर्धे वाचले.

काल मुलं जाहीर झाली. हॅरी डॉमिनिक मॅकलॉफ्लिन, हर्मायनी अरबेला स्टँटन, रॉन ॲलिस्टर स्टाउट. तीस हजारांहून जास्त मुलांनी चाचणीसाठी नाव दिलं होतं म्हणे. अट अशी होती की मूल ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये राहणारं आणि या एप्रिलमध्ये नऊ ते अकरा वर्षांचं असावं. भाचीने फोटो मोठा करून आधी डोळे बघितले. तिची पहिली तीन पुस्तकं वाचून झालीत, चित्रपट तिने तुकड्या-तुकड्यांनी पाहिलेत.

‘‘मावशी, हिरवे नाहीयेत.’’

डोळ्यांची ही तक्रार चोवीस वर्षं जुनी आहे. तेव्हाच्या हॅरीला, डॅनियल रॅडक्लिफला, हिरव्या लेन्स सोसेनात म्हणून त्याचे निळे डोळे तसेच ठेवले. ठीक आहे, मुलाच्या डोळ्यांपेक्षा मोठं काही नाही. पण पुस्तकात भेटेल तो माणूस हॅरीला म्हणतो की डोळे आईचे आहेत, आणि स्नेपचा शेवट त्या एका वाक्यावर उभा आहे. शेवटच्या चित्रपटात लहानपणची लिली दाखवली ती तपकिरी डोळ्यांची! रंग हिरवा नको, पण निदान मायलेकांचा एकच ठेवायचा. एवढं कुणाच्या लक्षात येऊ नये?

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन. ती म्हणाली, मी बघणार नाही. कारण मला माहीत होतं. रोलिंगबाई या मालिकेच्या कार्यकारी निर्मात्या आहेत आणि ट्रान्स व्यक्तींबद्दलची त्यांची भूमिका तिला असह्य आहे. एसिएडूने ट्रान्स लोकांच्या बाजूच्या खुल्या पत्रावर सही केली, बाई म्हणाल्या मी त्याला काढणार नाही, तरीही हिचं मन वळलेलं नाही. मी वाद घातला नाही. ती पैसे देणार नाही, मी कदाचित देईन, आणि पुस्तकं दोघींच्या कपाटात आहेत. अर्ध्या तासाने तीच विचारत होती, ‘‘अगं, पण ती एल्फ विंकी घेतील का या वेळी?’’

10 जून, मंगळवार

आणखी नावं आली. डर्स्ली नवरा-बायको, मॉली वीझली, ड्रेको. इथपर्यंत सगळं अपेक्षित. पण यादीत ल्युशियस मॅलफॉय आहे आणि कॉर्नेलियस फजही आहे. पहिल्या पुस्तकात हे दोघे एकदाही समोर येत नाहीत. फजचं नाव हॅग्रिडच्या बोलण्यात येऊन जातं, तेवढंच. म्हणजे पहिल्या भागापासून कॅमेरा हॅरीला सोडून इतरांच्या घरांत शिरणार. मॅलफॉयांच्या दिवाणखान्यात, मंत्र्याच्या कचेरीत.

लोक खूश आहेत. मला धाकधूक वाटते. त्या पुस्तकांची सगळी गंमत अशी, की हॅरीला जेवढं माहीत तेवढंच आपल्याला माहीत. व्हर्नन काकाची ती पहिली सकाळ, चौथ्यातला म्हातारा माळी, सहाव्यातले पंतप्रधान, असे मोजके अपवाद सोडले तर लेखिका त्या मुलाच्या खांद्यावरून हलत नाही. म्हणून तर क्विरेल शेवटपर्यंत बिचारा वाटतो आणि आपण वर्षभर स्नेपवर संशय घेतो. कॅमेरा क्विरेलच्या खोलीत गेला की खेळ संपला. मंत्र्याच्या कचेरीत जायला हरकत नाही; पण तिथून आणलेली बातमी हॅरीच्या आधी मला सांगू नका.

पार्वती पाटीलही ठरली. आईला हे कळल्यावर तिने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

‘‘पाटील म्हणजे कुठले?’’

कोल्हापूरचे की जळगावचे, की बेळगावकडचे, हा प्रश्न मराठी वाचकांनी पंचवीस वर्षं चघळलाय. पुस्तक काहीच सांगत नाही. पुस्तकात या जुळ्या बहिणी वेगवेगळ्या हाउसमध्ये आहेत, पार्वती ग्रिफिंडोरमध्ये आणि पद्मा रेव्हनक्लॉमध्ये. चित्रपटवाल्यांनी दोघींना एकाच बाकावर बसवलं. नाताळच्या नाचासाठी पुस्तकात पार्वतीचा पोशाख झगझगीत गुलाबी, वेणीत सोनेरी गुंफण, हातात सोन्याच्या बांगड्या, पद्मा मोरपंखीत. चित्रपटात त्यांना जे घागरे घातले ते बघून माझ्या वर्गातल्या मुली कित्येक दिवस धुमसत होत्या. पाटलांच्या मुली चारचौघांत असल्या कपड्यांत जातील? नव्या मालिकेला तिथवर पोचायला चौथा सीझन लागेल, पण आईने आत्ताच सुचवून ठेवलंय, ‘‘पैठणी म्हणावं.’’

22 जून, रविवार

आज भाचीने सरळ वही घेतली आणि चित्रपटात नसलेल्या गोष्टी लिहायला बसली. पुढची पुस्तकं वाचायची असल्याने तिला काही सांगता येत नाही. मी तोंड दाबून बसले. तिच्या यादीत पहिला शाळेत धुमाकूळ घालणारा पीव्ह्ज.

पीव्ह्जची कहाणी विलक्षण आहे. पहिल्या चित्रपटासाठी रिक मेयॉल या विनोदी नटाला घेतलं, त्याचे प्रसंग चित्रित झाले आणि मग सगळेच्या सगळे कापले. मेयॉल 2014 साली वारला. आता नव्या यादीत कुठे पीव्ह्जचं नाव दिसतं का हे लोक रोज बघतात. मीही बघते. अजून नाही. पाचव्या पुस्तकात मॅकगोनॅगल त्याला झुंबर सोडवायची युक्ती हळूच सांगते, त्या एका जागेसाठी मी अख्खा सीझन बघेन.

माझी यादी मनातल्या मनात. हॉगवर्ट्सचा नकाशा बनवणारे चौघं कोण, हे तिसऱ्या चित्रपटात कुणी सांगतच नाही. पुस्तक न वाचलेल्याला मूनी, वर्मटेल, पॅडफुट, प्राँग्ज ही नुसती चार गमतीदार नावं. सहाव्यात गाँट घराण्याचं पडकं खोपटं नाही, मेरोपी नाही, म्हणजे व्होल्डेमॉर्टची आईच नाही. उलट पुस्तकात नसलेली आग वीझलींच्या घराला लावली. आठही चित्रपट सलग लावले तर वीस तासही होत नाहीत. पाचवं पुस्तक अडतीस प्रकरणांचं, सगळ्यांत जाडं. चित्रपट अठरा मिनिटं कमी अडीच तासांचा... नाही, बारा मिनिटं कमी. एकशे अडतीस मिनिटं.

परीक्षेत असतात तशा या गाळलेल्या जागा आहेत आणि प्रत्येकाला आपलीच जागा आधी भरून हवी आहे. मैत्रिणीला विंकी आणि हर्मायनीची ती एल्फहक्कांची चळवळ. भाचीला पीव्ह्ज. मला एकवीस वर्षांचे आईबाप. चित्रपटांचे पटकथाकार स्टीव्ह क्लोव्ह्ज यांनी पाचवा सोडून सगळे चित्रपट लिहिले. त्यांना शिव्या घालणं सोपं आहे. पण चौथ्या पुस्तकाचा एकच चित्रपट करायचा म्हटल्यावर मी तरी काय ठेवलं असतं?

15 जुलै, मंगळवार

काल लीव्हज्डनला चित्रीकरण सुरू झालं. चष्मा लावलेल्या, शाळेच्या गणवेशातल्या पोराचा हसरा फोटो. हातात क्लॅपबोर्ड. मालिका 2027 मध्ये येणार असं आत्ता तरी सांगितलंय.

आता चर्चा सगळी वयाची. मालिका काढणाऱ्या कंपनीने 2023 साली घोषणा करतानाच दहा वर्षांची मालिका म्हटलं होतं. सात पुस्तकं, सात सीझन. अकराची मुलं वाढायची थांबत नाहीत. दोन सीझनमध्ये फार अंतर पडलं तर तेराव्या वर्षाच्या हॅरीला मिशी फुटेल. काहींचा अंदाज, दोन सीझन एकापाठोपाठ एक उरकतील. काहींचा, मधली उन्हाळ्याची प्रकरणं गाळतील. म्हणजे पुन्हा गाळणं आलंच.

खरोखर दहा वर्षं लागली तर हा फोटोतला मुलगा शेवटी एकविसाचा होईल. बापाच्या मरणाच्या वयाचा. हे कुणी ठरवून केलेलं नाही, पण शेवटच्या पुस्तकातल्या जंगलातल्या त्या प्रसंगात मुलगा आणि बाप एका वयाचे समोरासमोर उभे राहिले तर मला दुसरं काही नको.

31 जुलै, गुरुवार

हॅरीचा वाढदिवस, रोलिंगबाईंचाही. हॅरी पंचेचाळीस. मी अजून त्याच्याहून लहान आहे आणि पहिल्या पुस्तकातल्या स्नेपहून मोठी.

2007 च्या जुलैमध्ये शेवटचं पुस्तक घ्यायला आम्ही पहाटे पुण्यातल्या दुकानाबाहेर रांगेत होतो. त्या रांगेतली चर्चा आठवते: स्नेप चांगला की वाईट, हॅरी मरणार की नाही. तेव्हाचे अंदाज गोष्ट पुढे काय होणार याचे होते. आता गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मराठीतून वाचणाऱ्या पोरांनाही पाठ आहे. तरी अंदाज थांबले नाहीत.

1 सप्टेंबर, सोमवार

गौरीपूजन, आणि तिकडे हॉगवर्ट्सची गाडी सुटायचा दिवस. सकाळी अकराला भाचीने घड्याळ दाखवलं. मी पुरणात होते.

वॉरविक डेव्हिस पुन्हा फ्लिटविक होणार ही ताजी बातमी. जुन्या चित्रपटांतला तोच फ्लिटविक, शेवटी ग्रिपहुकही तोच. लोकांना प्रेमाने भरून आलंय. मला हे आवडलं नाही. सगळं नवं करायचं म्हणता आणि एक जुना चेहरा आत घेता, म्हणजे बाकीच्यांची तुलना तुम्हीच सुरू करून दिली. डेव्हिस उत्तम नट, तो प्रश्नच नाही.

हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या वहिनींचा मुलगा कॉलेजात आहे. त्याने ऐकलं आणि ठामपणे सांगितलं, पीव्ह्ज येणार, पण संगणकावर केलेला, धुरकट, निळसर. भाची उसळली. तो भूत नाहीच, म्हणाली, आरपार दिसत नाही, त्याला टोपी आहे घुंगरांची आणि नारिंगी बो! मुलाने पुस्तक मागितलं. तिने दुसरं पुस्तक आणलं. वहिनी ओटी भरून घ्यायला उभ्या होत्या आणि हे दोघं पान सापडेना म्हणून भांडत होते. आईने पान शोधायला आपला चष्मा मागवला.