मळलेली वाट

प्राध्यापकाला उपदेशाची संवय सहज जडते. तो उपदेश स्वतःला लागू करण्याचा प्रसंग मात्र त्याच्यावर क्वचितच येतो. गेलीं तीस वर्षें मी वर्गांत मुलांना सांगत आलों आहें, "मळलेली वाट सोडा, आपली वाट आपण काढा." हें सांगतांना माझ्या हातांत खडू असे, डोक्यावर पंखा असे, आणि महिन्याचा पगार ठरलेला असे. माझी स्वतःची वाट म्हणाल, तर घरापासून कॉलेजपर्यंत आणि कॉलेजपासून घरापर्यंत!

माझा एक विद्यार्थी हें वाक्य खरें मानून बसला. शहरांतली चांगली नोकरी सोडून तो उमरखेडकडच्या एका खेड्यांत मुलांना शिकवूं लागला. त्याच्या वडिलांनीं मला एकदां रस्त्यांत गांठून विचारलें, "सर, तुम्हीं तरी असें केलें असतें का?" मला उत्तर सुचलें नाहीं. गेल्या भाद्रपदांत त्या विद्यार्थ्याचें बोलावणें आलें, तेव्हां जाण्यास मी कचरत होतों तो याच प्रश्नामुळें. आणि शेवटीं गेलों तोही त्याच्यामुळेंच.

उमरखेड तालुक्याच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून, विदर्भ आणि मराठवाडा यांच्यामधली शीव आखीत ती पुढें वर्धेला मिळते. १९४७ पूर्वीं तिच्या पलीकडे निजामाचा अंमल होता आणि अलीकडे, वऱ्हाडांत, इंग्रजांचा. आज दोन्ही कांठांना सागाचें रान आहे, आणि त्या रानाच्या कुशींत सहस्रकुंडाचा धबधबा आहे.

धबधब्याकडे जाणारी सरळ वाट होती. पण ती मळलेली! मीं हट्ट धरला, कीं एका ओढ्याच्या घळीनेंच खालीं उतरावयाचें. रीतसर परवानगी काढली. बरोबर गांवांतले एक वृद्ध आंध गृहस्थ आले. त्यांना सारे बाबा म्हणत. घळीच्या तोंडाशीं ते म्हणाले, "वरून जाऊं, सर. नाल्याचा कांहीं भरवसा नाहीं." मीं खिशांतून मोबाईल काढून त्यांना नकाशा दाखविला. ओढ्याची निळी रेघ सरळ नदीला मिळत होती. बाबा किंचित् हंसले आणि मुकाट्यानें मागून आले.

पहिला अर्धा तास स्वर्गसुखाचा गेला. सागाला पांढरा मोहर आला होता. पाणी एका कातळावरून दुसऱ्यावर उड्या घेत होतें. हा सारा मुलूख काळ्या पाषाणाचा. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं तप्त शिलारसाचे थरावर थर सांचून तो झाला. मऊ थर पाणी पोखरतें, वरचा कठीण थर पुढें येऊन अखेर तुटतो, आणि ओढ्याची पायरी बनते. हें मीं पुस्तकांत वाचलें होतें. मात्र अशी पायरी बसून घसरत उतरतां येते, पण ओली असतां चढतां येत नाहीं, हें त्या पुस्तकांत नव्हतें.

तिसरी पायरी दीड पुरुष उंचीची होती. ती मी मोठ्या ऐटींत उतरलों. चौथीच्या कडेला येऊन पाहतों, तों खालीं दोन मजल्यांएवढा तुटलेला कडा! निळ्या रेघेला उंची नसते. पुढें कडा, मागें बुळबुळीत कातळ, आणि दोन्ही बाजूंना भिंती. माझे पाय थरथरूं लागले.

बाबांचें लक्ष कड्याकडे नव्हतेंच. ते पाण्याकडे पाहत होते. स्वच्छ पाणी गढूळ झालें होतें. त्यावर फेस आणि वाळल्या काटक्या येऊं लागल्या होत्या. डोक्यावर आभाळ निळें होतें. "वर पाऊस पडला," एवढेंच बाबा बोलले. डाव्या भिंतीवर एका उंबराचीं मुळें उतरलीं होतीं. त्यांना धरून विद्यार्थी वर चढला. त्यानें वरून माझा हात ओढला आणि बाबांनीं खालून माझे पाय मुळांवर ठेवले. बाबा सर्वांच्या शेवटीं आले. थोड्या वेळानें खालीं पाहिलें, तर आम्ही उभे होतों तो कातळ दिसत नव्हता.

पुढें रानांतून वाट अशी नव्हतीच. तरी बाबा घरांतल्या ओसरीवरून चालावें तसे चालले होते. मीं विचारलें, तेव्हां म्हणाले, "लहानपणीं इथंच गुरं चारलीं. बापानं दाखवलं, त्याला त्याच्या बापानं." मला जें बिनवाटेचें वाटलें, तें त्यांच्या चार पिढ्यांनीं मळलेलें होतें. दुपारीं सहस्रकुंड पाहिलें. काळ्या खडकांवरून पैनगंगा असंख्य धारांनीं कोसळत होती. तिच्या गर्जनेपुढें मला बोलावेंसें वाटलें नाहीं.

रात्रीं विद्यार्थ्याच्या ओसरीवर बसलों असतां मीं विचारलें, "तुला पश्चात्ताप होतो का रे?"

"होतो, सर. पावसाळ्यांत फार होतो," तो म्हणाला. "पहिलीं दोन वर्षें तर मला मुलांची बोली समजत नव्हती. बाबांच्या नातवानें शिकविली."

म्हणजे त्यानेंही आधीं कोणाला तरी विचारलें होतें. माझ्या उपदेशांत हा भाग नव्हता. तो त्याचा त्यानेंच घातला होता.

परत आल्यावर मीं त्याच्या वडिलांना पत्र लिहिलें. बाबांविषयीं लिहिलें, शाळेविषयीं लिहिलें. पण पत्राचा आरंभ करतांना लेखणी बराच वेळ थांबली होती. तें पहिलें वाक्य असें: "नाहीं, मीं असें केलें नसतें."