सकाळची वीस मिनिटे

केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीचा हुकूम हाती पडला की घरात खोकी जमू लागतात. भांड्यांचे खोके, अंथरुणांचे खोके, देवघराचे खोके. प्रत्येकावर जाड शाईने नाव. नव्या गावी पोचल्यावर ती कोणत्या क्रमाने उघडली जातात, त्यावरून त्या कुटुंबाने कशाला किती महत्त्व दिले आहे ते कळते. २००८ साली आम्ही चेन्नईहून दिल्लीला आलो, तेव्हा एका खोक्यावर माझ्या पत्नीने 'मुलांची पुस्तके' असे लिहिले होते. ते खोके चार वर्षे माळ्यावर पडून राहिले. त्याची किंमत काय पडली, ते आज सांगायचे आहे.

आधी चेन्नईविषयी. आमची मुलगी १९९९ सालची. केंद्रीय कर्मचाऱ्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळू लागली ती १९९७ पासून, आणि ती घेणारा त्यावेळी कार्यालयात थोडासा थट्टेचा विषय होत असे. मी ती घेतली होती, परंतु एवढ्याशा बाळासमोर पुस्तक धरावे हे तेव्हा सुचले नाही. २००२ साली चेन्नईला गेलो आणि निराळीच अडचण समोर उभी राहिली. मुलीच्या शाळेत इंग्रजी, अंगणात तमिळ, दूरदर्शन संचावर हिंदी. मराठी उरली ती आम्हा तिघांपुरती. आणि तीही 'जेव', 'झोप', 'पसारा आवर' एवढीच.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव असेल. घरात बोलली जाणारी भाषा ही स्वयंपाकघर आणि दिनक्रम यांच्यापलीकडे सहसा जात नाही. होडी, सुतार, पाणवठा, रानवाट असे शब्द तिसऱ्या मजल्यावरील सरकारी सदनिकेत आपण होऊन चालत येत नाहीत. ते पुस्तकातूनच यावे लागतात, आणि लहान मुलाच्या बाबतीत पुस्तक कोणीतरी मोठ्याने वाचावे लागते.

कार्यालय घरापासून दहा मिनिटांवर होते आणि सायंकाळ बहुधा माझी स्वतःची असे. रात्री साडेआठला जेवण आटोपले की जमिनीवर चटई अंथरून आम्ही दोघे पुस्तक घेऊन बसू लागलो. आरंभ मी कर्तव्यबुद्धीने केला हे कबूल केले पाहिजे. पंधरा दिवसांत ते कर्तव्य राहिले नाही. दिवसभरात तेवढाच अर्धा तास असा होता की ज्यात माझ्याकडून कोणाला टिपणी नको होती, स्वाक्षरी नको होती, खुलासा नको होता.

एका हरवलेल्या करडाची गोष्ट तिने लागोपाठ किती दिवस वाचायला लावली याची मोजदाद नाही. मी थकलेला असलो की हळूच एखादी ओळ गाळत असे. तिला अक्षर ओळखता येत नव्हते, पण तिचे बोट बरोबर त्या चित्रावर येई. "बाबा, म्हातारीचं राहिलं!" मी हिशेब तपासणाऱ्या खात्यात आयुष्य काढले, इतका दक्ष परीक्षक मला पुन्हा भेटला नाही.

नॅशनल बुक ट्रस्ट ही संस्था १९५७ साली स्थापन झाली. तिच्या नेहरू बाल पुस्तकालय या मालेतील पुस्तके अनेक भारतीय भाषांत निघतात. चित्रे तीच, भाषा वेगळी. योगायोगाने शेजारच्या तमिळ घरातील मुलीकडे आमच्याच एका पुस्तकाची तमिळ प्रत होती. दोघी भिंतीला टेकून बसत आणि एकाच वेळी पान उलटत. चित्रातील पक्षी एकच. इकडे तो कावळा, तिकडे काक्का. राष्ट्रीय एकात्मतेवरील पुष्कळ परिसंवादांना मी सरकारी खर्चाने हजर राहिलो आहे, पण त्या दोघींच्या बैठकीची सर एकालाही आली नाही. मला स्वतःला चेन्नईची आणखी एक गंमत वाटे. लहानपणी साताऱ्यात मी ज्याची वाट पाहत असे, तो मराठी 'चांदोबा' याच शहरातून निघत असे. माझे पहिले मराठी वाचन मद्रासहून टपालाने आले होते. मग मुलीचे मराठी वाचन मद्रासला का होऊ नये?

त्यानंतर दिल्ली. धाकटा मुलगा २००५ सालचा, म्हणजे तेव्हा तीन वर्षांचा. ताईला पहिले पुस्तक मिळाले त्याच वयाचा. माझ्याकडे मात्र आता असे काम आले की संसदेचे अधिवेशन चालू असताना प्रश्नांची उत्तरे तयार करण्यात रात्रीचे नऊ वाजत. घरी यावे तो मूल झोपलेले. जागे असलेच तर मी म्हणे, "उद्या वाचू हं." मी त्याला कधीही नकार दिला नाही, हे विशेष. नकार दिला असता तर निदान माझ्या मनाला टोचणी लागली असती. मी फक्त तारीख पुढे ढकलत गेलो. प्रशासनात प्रकरण निकालात काढण्याचा हा सर्वांत सोयीस्कर मार्ग असतो आणि मी तो घरी आणला. नवी सदनिका लहान, कपाट एकच. म्हणून पुस्तकांचे खोके माळ्यावर गेले. ताई स्वतःचा अभ्यास सांभाळून त्याला आठवतील त्या गोष्टी तोंडी सांगे.

माझी आई साताऱ्याहून नातवंडांना वाढदिवसाला स्वहस्ताक्षरात पत्र पाठवीत असे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये मुलाला सात वर्षे पूर्ण झाली. शाळेत हिंदी असल्यामुळे देवनागरी त्याला येत होती. पत्र घेऊन तो मोठ्या उत्साहाने एकेक अक्षर लावत वाचू लागला. आईने लिहिले होते की परसातला पेरू यंदा लगडला आहे. तो थांबला. म्हणाला, "बाबा, आजीच्या पर्समध्ये पेरू आहे?"

आम्ही सारे हसलो. मीच सर्वांत मोठ्याने हसलो. त्याने पत्राची घडी घातली आणि ते ताईच्या हाती दिले. "तूच वाच." त्यानंतर त्या वर्षी आलेले आजीचे एकही पत्र त्याने स्वतः उघडले नाही. अक्षर येत असून शब्द न येणे ही निरक्षरतेहून वेगळी उणीव आहे. आणि त्यात मुलाचा काडीचाही दोष नव्हता. आजी आणि नातू यांच्यामधला रस्ता मी दुरुस्तीवाचून खचू दिला होता.

पुढच्या रविवारी खोके खाली काढले. काही पुस्तकांना कसर लागली होती. उरलेल्यांतील बरीचशी आता त्याच्या वयाला लहान होती. तिसऱ्या वर्षीचे पुस्तक सातव्या वर्षी वाचता येते, पण मांडीवर बसून नव्हे. तेवढा तोटा भरून निघण्याजोगा नव्हता.

मग मी एक साधा विचार केला, जो चार वर्षांपूर्वीच करायला हवा होता. सायंकाळ माझ्या मालकीची नव्हती, ती सरकारची होती. सकाळ माझी होती. शाळेची बस पावणेआठला येई. म्हणून सात वाजून दहा मिनिटे ते साडेसात ही वेळ आम्ही ठरवली. दुधाचा पेला त्याच्या हातात, पुस्तक माझ्या हातात. भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत. गोष्ट संपल्यावर 'यातून काय बोध घेतलास?' असा प्रश्न विचारायचा नाही. कंटाळा आला तर नुसती चित्रे पाहायची, पण बैठक मोडायची नाही.

पहिला आठवडा त्याने जांभया दिल्या. माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' त्याच्या वयाला सोपे होते, परंतु तेच त्याने प्रथम स्वतः वाचून पुरे केले, आणि कोणीही हसले नाही. मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला आणि जांभया थांबल्या. एक पान मी, एक पान तो, असा क्रम पडला. एकदा प्रकरण संपवण्याच्या नादात बस चुकली आणि आम्हा दोघांना एकत्र बोलणी खावी लागली. त्या बोलण्यांचा मला फार आनंद झाला. पुढच्या वाढदिवसाच्या पत्राला त्याने स्वतः उत्तर लिहिले. ऱ्हस्वदीर्घ मी तपासले नाही. त्या उन्हाळ्यात साताऱ्याला जाऊन परस म्हणजे नेमके काय ते त्याने पाहून घेतले होतेच. आई त्यानंतर तीन वर्षे होती. तिच्या ट्रंकेत आम्हाला त्याची अकरा पत्रे सापडली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्याने हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. रोज वीस मिनिटे म्हणजे वर्षाला सुमारे १२१ तास. तीन ते आठ या पाच वर्षांत सुमारे ६०८ तास. आठ तासांच्या कामाच्या हिशेबाने ७६ दिवस. सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ पासून, केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. पुढे ती एकट्याने मूल वाढवणाऱ्या वडिलांनाही लागू झाली. त्या मानाने ७६ दिवस काय आहेत? आणि त्यांसाठी अर्जही लागत नाही. २००० सालचे नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी लहान वयातील गुंतवणुकीचा परतावा सर्वाधिक असतो हे सातत्याने मांडले आहे. मला ते परीक्षेपुरते पटले होते. घरी पटायला एका पेरूची गरज पडली.

आता थोडे प्रशासनाविषयी. काही वर्षांपूर्वी तपासणीच्या निमित्ताने एका शाळेत गेलो होतो. केंद्रीय अनुदानातून आलेली गोष्टींची सुंदर पुस्तके काचेच्या कपाटात कुलूपबंद होती. मुख्याध्यापकांना कारण विचारले. ते संकोचाने म्हणाले, "साहेब, फाटली, हरवली तर तुमचीच माणसे येऊन वसुली काढतील." मी निरुत्तर झालो. वास्तविक केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम याबाबत पुरेसे उदार आहेत. २०१७ च्या नियमावलीतील नियम २१५ नुसार ग्रंथालयातून वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली, तर अप्रामाणिकपणा वा हलगर्जी नसल्यास ते नुकसान वाजवी मानता येते. राज्यांचे आणि शाळांचे नियम निरनिराळे असतील. पण पुस्तक हाताळले म्हणजे थोडे झिजणारच, हे तत्त्व सरकारलाही मान्य आहे. भीती मात्र नियमापेक्षा जास्त दूरवर पोचते.

तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे यासाठी २०२१ साली 'निपुण भारत' अभियान सुरू झाले. 'असर'च्या ग्रामीण पाहणीत सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के. सुधारणा आहे, पण वाट लांब आहे. ज्या घरात आईवडिलांना वाचता येत नाही तिथे चटईवर कोण बसणार, असा प्रश्न रास्त आहे. माझ्या घरात मी नसताना ताई होती. कित्येक घरांत अशी एखादी ताई वा दादा असतो. त्यांच्या हाती शाळेचे पुस्तक रोज घरी जाऊ द्यावे, एवढे तरी आपण करू शकतो. कुलूप काढायला निधी लागत नाही.

आणि काचेचे ते कपाट पाहून मुख्याध्यापकांना दोष देण्याचा अधिकार मला कुठे होता? माझेही खोके माळ्यावरच होते.

म्हणून महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या, नोकरीत गुरफटलेल्या तरुण आईवडिलांना दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. वेळ अशी निवडा, जी खरोखर तुमच्या मालकीची आहे. मग ती वीसच मिनिटे का असेना. आणि पुस्तके मुलाच्या हाताला लागतील इतक्या खालच्या फळीवर ठेवा. काही फाटतील. तिसऱ्या वर्षीचे पुस्तक सातव्या वर्षी उघडण्याची पाळी निदान तुमच्यावर येऊ नये.