प्रमाद कोणाचा?

धान्याच्या व्यापारात ‘घट’ हा शब्द कोणालाही नवा नाही. मुरूमच्या आडत बाजारात तूर, उडीद, सोयाबीनची पोती उतरतात. ओल उडते, चाळणीतून माती-काडीकचरा निघतो आणि आलेल्या व गेलेल्या वजनात थोडा फरक पडतो. हा फरक प्रत्येक व्यापारी मान्य करतो आणि त्याची नोंद ठेवतो. तराजूला बोट लावून पाडलेला फरक मात्र निराळा. त्याला आपण ‘मापात पाप’ म्हणतो. वजन दोन्हीकडे कमीच भरते, तरीही शहाणा व्यापारी या दोन गोष्टी एकाच खात्यावर टाकीत नाही.

हा विवेक दुकानात सहज सांभाळणारी माणसे रुग्णालयाच्या दारात मात्र पुष्कळदा तो हरवून बसतात. सिझेरियन शस्त्रक्रियेत नवजात बाळाच्या गालाला, कपाळाला किंवा डोक्याच्या कातडीला शस्त्राचा ओरखडा लागणे, हा असाच एक प्रसंग. त्याविषयी घराघरांत कुजबुज होते, क्वचित भांडणही होते. पण शांतपणे विचार फारसा होत नाही.

सिझेरियन आता दुर्मीळ राहिलेले नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील २१.५ टक्के आणि महाराष्ट्रातील २५.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. देशातील खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मे होते. व्यापारी कुटुंबांतील बाळंतपणे बहुधा खासगी रुग्णालयांतच होतात. म्हणून हा विषय परक्याचा नाही.

जखम कशी होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. पोटाचे थर उघडल्यावर शेवटी गर्भाशयाची भिंत उरते. कळा सुरू होऊन बराच वेळ गेलेला असेल तर तिचा खालचा भाग ताणून अतिशय पातळ झालेला असतो. पाण्याची पिशवी फुटून गर्भजल वाहून गेले असेल तर भिंत आणि बाळ यांच्यामध्ये गादीसारखे असणारे पाणीही उरत नाही. त्यातच रक्तस्राव होऊन नेमके दिसत नाही. अशा स्थितीत शस्त्राची धार किंचित खोल गेली, तरी भिंतीला टेकलेला बाळाचा गाल, कान किंवा डोक्याची कातडी तिच्या वाटेत येते. बाळ पायाळू असेल तर नितंबाला जखम होते. म्हणून अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञ भिंतीवर हलक्या हाताने थोडे थोडे छेद देतात, रक्त शोषून घेऊन जागा स्वच्छ करतात, शेवटचा पातळ थर बोटाने किंवा बोथट उपकरणाने उघडतात आणि छेदही बोटांनीच रुंदावतात. एवढी दक्षता घेऊनही कधीतरी ओरखडा येतो.

कितीदा येतो? अमेरिकेतील अनेक रुग्णालयांतील ३७,११० सिझेरियन प्रसूतींचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४१८ बाळांना, म्हणजे शेकडा १.१ बाळांना काही ना काही इजा झाल्याचे आढळले. त्यांपैकी २७२ इजा कातडीवरील जखमांच्या होत्या. आधीच्या सिझेरियननंतर पूर्वनियोजित पद्धतीने केलेल्या शस्त्रक्रियांत इजेचे प्रमाण शेकडा ०.५ होते, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून प्रसूतीचा प्रयत्न फसल्यावर कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियांत ते ६.९ पर्यंत गेले. शस्त्र तेच, शिक्षण तेच. पण बाळ अडकलेले आणि वेळ अपुरा असला की धोका कित्येक पटींनी वाढतो.

मुरूममधील एका जैन आडत कुटुंबाला काही वर्षांपूर्वी या गोष्टीचा अनुभव आला. लेक पहिल्या बाळंतपणासाठी रिवाजाप्रमाणे माहेरी आली होती. सासर दुसऱ्या जिल्ह्यात. कळा सुरू झाल्यावर तिला जवळच्या मोठ्या गावातील खासगी रुग्णालयात दाखल केले. संध्याकाळनंतर प्रसूती पुढे सरकेना. रात्री आठच्या सुमारास डॉक्टरबाईंनी सांगितले, “अण्णा, आता वाट पाहण्यात अर्थ नाही. सिझेरियन करावे लागेल. सही करा.”

अण्णा म्हणजे लेकीचे वडील. बाजारात शंभर क्विंटलचा सौदा एका शब्दावर करणारा हा गृहस्थ या सहीपाशी अडखळला. लेक परक्या घरची, तिच्याकडच्यांना विचारल्यावाचून कसे करायचे? सासरी फोन गेला. तिकडून व्याह्यांनी ओळखीच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, रुग्ण पाहिल्याशिवाय काय सांगणार? मग घरातील एका वडीलधाऱ्या बाईंना आठवले की त्या रात्री अमावास्या आहे; सकाळपर्यंत थांबता येईल का, अशी विचारणा झाली. डॉक्टरबाई दोनदा बाहेर येऊन गेल्या. अखेर साडेअकराच्या सुमारास बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू लागले, तेव्हा सही झाली आणि शस्त्रक्रिया घाईने करावी लागली.

मुलगी झाली. रडली, गुलाबी झाली. पण डाव्या गालावर सुमारे दीड सेंटिमीटरचा बारीक छेद होता. डॉक्टरबाईंनी तो लपविला नाही. हातमोजे काढून त्या स्वतः बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “बाळ सुखरूप आहे. छेद देताना गालाला जखम झाली आहे. वरवरची आहे, पट्टीने कड जुळवली आहे. तरीही सोलापूरला प्लास्टिक सर्जनना एकदा दाखवा. मी चिठ्ठी देते.”

सकाळी व्याही पोहोचले. मुलीची जात, त्यात गालावर व्रण. उद्या स्थळे येतील तेव्हा काय सांगायचे, हा प्रश्न एक दिवसाच्या बाळाविषयी विचारला गेला. बिल देऊ नका, असे एकाने सुचविले. चार माणसे बोलावून जाब विचारू, असे दुसऱ्याने म्हटले. अण्णांनी एवढेच केले की रुग्णालयाकडून केसपेपर मागून घेतला आणि जमाखर्च तपासावा तसा ओळीओळीने वाचला. शस्त्रक्रियेचा सल्ला कधी दिला, पुन्हा कधी दिला, संमती कधी मिळाली, सगळ्या वेळा लिहिलेल्या होत्या. पहिला सल्ला आणि सही यांत तीन तास वीस मिनिटांचे अंतर होते. त्यांनी तो कागद व्याह्यांपुढे ठेवला. त्यानंतर चार माणसे बोलावण्याची भाषा झाली नाही. बिल पूर्ण दिले गेले.

त्या तीन तास वीस मिनिटांत एका व्यक्तीला कोणीही काही विचारले नव्हते. ती व्यक्ती म्हणजे प्रसूतीच्या खोलीत कळा सोसणारी लेक. नंतर ती आईला म्हणाली, “मी पहिल्यांदाच हो म्हटले असते. मला विचारायला कोणी आतच आले नाही.”

उशीर झाला नसता तर जखम झालीच नसती, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. नियोजित शस्त्रक्रियेतही कधी कधी ओरखडा येतो. परंतु बाळ खाली सरकून अडकले होते, भिंत पातळ झाली होती, पाणी निघून गेले होते आणि हातात मिनिटे मोजकी होती, एवढे खरे. ही परिस्थिती शस्त्राने निर्माण केली नव्हती.

आपल्या आचार्यांनी हिंसेचा विचार करताना नेमका हाच भेद सांगितला आहे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या केली, ती केवळ प्राणाला पोहोचलेल्या इजेवर थांबत नाही. त्या इजेमागे प्रमाद आहे का, हे पाहते. कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसारातील विवेचनही तसेच आहे. समितीपूर्वक, सावधपणे वागणाऱ्याकडून इजा घडली तरी तेवढ्याने बंध होत नाही; असावधपणे वागणाऱ्याला समोरचा जीव वाचला तरी हिंसेचा दोष लागतोच. मुनी चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात, यामागे हाच विचार आहे. तेव्हा प्रश्न केवळ ‘जखम झाली का’ एवढा नसतो. ‘सावधानता होती का, आणि कोणाकडे नव्हती’ हा खरा प्रश्न असतो.

तो प्रश्न डॉक्टरांनाही लागू होतो. रुग्णालयांकडूनही प्रमाद घडतात. जखम खोल असताना किरकोळ म्हणणे, डोळ्याजवळ किंवा चेहऱ्याच्या नसेजवळ छेद असताना तज्ज्ञाला न दाखविणे, नातेवाइकांपासून गोष्ट दडविणे, कागदावर नोंदच न करणे, हे सारे दोष आहेत आणि त्यांचा जाब विचारला पाहिजे. त्यासाठी कायद्याने दार उघडे ठेवले आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. त्याच न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात असेही सांगितले की डॉक्टरला फौजदारी गुन्ह्यात दोषी धरायचे तर निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असला पाहिजे. प्रत्येक अपघात किंवा अपयश म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत कागदपत्रे दिली पाहिजेत, असा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. आणि रुग्णालयात मोडतोड व मारहाण करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. ज्याला खरोखर न्याय हवा, त्याने आधी कागद मागावा. आरडाओरडा करून बिलात सूट मिळेल. पण सूट म्हणजे न्याय नव्हे, आणि सत्य तर नव्हेच.

दशलक्षण पर्वात आपण पहिल्या दिवशी उत्तम क्षमेचे चिंतन करतो. क्षमा म्हणजे डोळे मिटून खाते बंद करणे नव्हे. काय घडले ते समोरच्याने सांगावे, आपण ऐकावे, आपल्या बाजूची नोंदही उघडावी, आणि मग मनातील वैर सोडावे, हा तिचा क्रम आहे. जो डॉक्टर स्वतः बाहेर येऊन जखम सांगतो, त्याला आपण शिवीगाळ केली तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. ते नुकसान पुढच्या बाळाचे होईल.

बाळंतपण घरात ठरले की पाळण्याची, सोन्याची, बारशाची यादी होते. तिच्या आधी आणखी काही गोष्टी ठरवाव्यात. सातव्या महिन्यातच दोन्ही घरच्यांनी एकत्र बसून डॉक्टरांना विचारावे : सिझेरियनची वेळ केव्हा येऊ शकते, धोके कोणते, रात्री भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ मिळतील का. सज्ञान स्त्रीच्या शस्त्रक्रियेला तिची स्वतःची संमती लागते. ती शुद्धीवर असताना सासरच्या किंवा माहेरच्या परवानगीसाठी थांबण्याचे कारण नाही, हे सर्वांनी तेव्हाच मान्य करावे. मुहूर्त आणि तिथी बारशासाठी पाहावी. बाळाचे ठोके मंदावत असताना पंचांग उघडू नये. प्रसूतीनंतर बाळाला नखशिखांत पाहावे, खूण दिसली तर विचारावे आणि डिस्चार्ज कार्डावर नोंद करून घ्यावी. नवजात कातडी लवकर भरते. बहुतेक वरवरच्या जखमा पट्टीने किंवा एखाद-दुसऱ्या टाक्याने बऱ्या होतात आणि व्रण पुसट होत जातो.

राहिली मुलीच्या गालावरची पुसट रेघ. तिला दैवाची खूण म्हणू नये, की स्थळाच्या वेळी लपविण्याची गोष्टही करू नये. मुलगी विचारील तेव्हा जे घडले ते जसेच्या तसे तिला सांगावे. त्यात डॉक्टरांचा हात आला तर तो सांगावा, घरच्यांचे तीन तास आले तर तेही सांगावेत. आपल्या जन्माचा खरा हिशेब मिळण्याचा तिला पहिला हक्क आहे.