आंबेनळी घाटातली पानं

पोलादपूर सोडलं की महाबळेश्वरचा रस्ता आंबेनळी घाटाला लागतो. अंतर चाळीसेक किलोमीटर, पण चढ बाराशे मीटरच्या वर. हा घाट आम्ही नेहमी स्ट्रॉबेरीच्या ओढीने चढतो. या मार्चमध्ये मात्र मुलांना एक काम दिलं: गाडी थांबेल तिथे गळून पडलेलं एकेक पान उचलायचं.

पायथ्याशी सागाचं पान मिळालं. दस्तरखानावर ताट म्हणून चालेल एवढं, पण वाळून कडकडीत. साग पावसाळ्यात मोठी पानं भराभर काढतो आणि उन्हाळ्यात टाकून मोकळा होतो. वर माथ्यावर अंजनीचं पान तळहातात मावलं. जाड, चामड्यासारखं, वरून तुकतुकीत. फांद्यांना निळ्या फुलांचे झुबके लगडलेले. खाली सागाचे सापळे उभे आणि इथे भर उन्हाळ्याच्या तोंडावर गर्द हिरवं रान!

कारण जमिनीत आहे आणि हवेतही. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जांभ्यावरची पातळ माती त्यात धुऊन जाते, सोबत झाडाचं पोषणही. मग आठ महिने कोरडे, वर माथ्यावरचा वारा. अशा ठिकाणी दरवर्षी नवी पानं काढणं झाडाला परवडत नाही. म्हणून ते एकच पान मजबूत करतं आणि पुरवून पुरवून वापरतं. आपल्या घरातल्या जुन्या माणसांसारखंच म्हणा ना.

धाकटीला प्रश्न पडला जांभळाचा. "नानीच्या अंगणातलं केवढं उंच आहे, हे आजारी आहे का?" आजारी नाही. जात तीच. खाली ओलावा आणि खोल माती आहे, तिथे खोड सरळ वर जातं. इथे वाऱ्यापुढे वाकून, पसरून राहतं. महाबळेश्वरचा जांभळाचा मध याच ठेंगण्या झाडांचा.

उंची पाहून वय ठरवलं की गफलत होते. मनगटाएवढं खोड म्हणजे कालचं झुडूप, असं समजून लोक कोयता चालवतात. सरपणाला, कधी गाड्या लावायच्या जागेला. २००१ साली महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला, तरी रस्त्याकडेला ताजे बुंधे आम्हाला दिसले. सावकाश वाढणारं झाड तितक्याच सावकाश भरून येतं. त्या बुंध्यांच्या जागी पुन्हा सावली पडेल तेव्हा आमची धाकटी स्वतःच नानी झालेली असेल.