गाडीखाली आडवं झालेलं गिऱ्हाईक
गाडी विकायची म्हणून दारात उभी केली की आधी येतात ते रंग पाहणारे. १९६५ची मस्टँग, लालभडक, उघड्या टपाची. दारावरच्या पत्रीत ७६ए असं कोरलेलं, म्हणजे जन्मापासूनच कॉन्व्हर्टिबल. कुणी मागाहून टप कापलेली नव्हे. पाहुणे २८९ घनइंचाचं व्ही-८ इंजिन सुरू करायला लावतात आणि त्याची घरघर डोळे मिटून ऐकतात. १७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग लोकांपुढं आली. त्यानंतर निम्म्या अमेरिकेच्या काकांनी ती घेतली असावी, असं यांच्या गप्पांवरून वाटतं. मी मान डोलावतो. मला मात्र तळाबद्दल बोलायचं असतं.

छपराची गाडी म्हणजे बंद पेटी. सगळ्या बाजू एकमेकींना धरून असतात. छप्पर काढलं की सारा भार खाली येतो. म्हणून फोर्डनं या गाडीच्या दाराखालच्या पत्र्याला आतून जाड पत्र्याची जोड दिली आणि कोपऱ्यांत पीळ सोसणारे पत्र्याचे टॉर्क बॉक्स बसवले. पण इथं मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ पसरतात. ते खालून खातं, आणि काचेपुढच्या हवेच्या जाळीतून झिरपलेलं पावसाचं पाणी वरून येऊन गालिच्याखाली मुरतं. गाडी माझ्याकडं आली तेव्हा गालिचा उचलल्यावर गॅरेजची फरशी दिसली होती.

असा कुजका तळ थेट कापायचा नसतो. आधी दारांच्या चौकटीत लोखंडी दांडे वेल्ड करून घ्यायचे, नाहीतर गाडी मधोमध वाकते आणि दार पुन्हा कधी धड लागत नाही. ते दांडे चुकवत, अंग चोरून आत-बाहेर करण्यात माझा एक अख्खा हिवाळा गेला. दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी येईस्तोवर जॅक केसभर वर, केसभर खाली. मग त्यावर रंग चढला, गालिचा आला, आणि ते काम दिसेनासं झालं. भाव करायला बसलं की याचीच पंचाईत होते.

माझ्या लहानपणी पुण्यात उघडी गाडी असायची ती हिंदी सिनेमातल्या नायकाकडं. वैशाखात टप उघडून हिंडणारा माणूस एकतर नायक, नाहीतर वेडा! इथं त्यासाठी ऑगस्ट आहे. ऐतिहासिक वाहनाची पाटी लावलेली गाडी एरवी प्रदर्शनापुरती किंवा मिरवणुकीपुरतीच बाहेर काढायची, पण ऑगस्टभर कायदा तिला मोकळं सोडतो. त्याच महिन्यात वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५पासून. त्या गर्दीत मुंगीच्या पावलांनी सरकताना उतरतं ऊन मांडीवर येऊन बसतं. शेजारच्या गाडीतल्या अनोळखी माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं. अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा वास येत राहतो. तो वाईट असतो हे मला कळतं, आवडायचा काही थांबत नाही.

आता गुडघे गाडीखाली जाऊ देत नाहीत, म्हणून विकायची.

शेवटी टोलेडोहून एक इलेक्ट्रिशियन आला. रंगाकडं त्यानं पाहिलंही नाही. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक चाकांच्या कमानींवरून फिरवलं; लांबी भरलेली असली की ते तिथं धरत नाही. दोन्ही दारं उघडून मिटून पाहिली. मग पुठ्ठा अंथरून खाली शिरला. बराच वेळ नुसते बूट दिसत होते.

“दांडे लावून कापलं होतंत ना?” खालून आवाज आला.

त्यानं मागायच्या आत मी किंमत उतरवली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोनं माझ्याकडं पाहिलं ते मी न पाहिल्यासारखं केलं. गंजक्या तळाचे फोटोही त्यानं मागून घेतले, पावत्यांच्या आधी. त्या पावत्यांची बेरीज त्याच्या चेकपेक्षा मोठी आहे. ती त्यानं घरी जाऊन करावी.

टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, सही झाली. मिशिगनमध्ये नंबरप्लेट विकणाऱ्याकडंच राहते, ती मी काढून घेतली. तो टप खाली घ्यायला लागला तसं मी सांगितलं, मागच्या प्लॅस्टिकच्या काचेची चेन आधी उघडा, नाहीतर घडी पडून चरे उठतात.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला.

तरी मी त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.