‘ण’वरून मुलीचं नाव

आमची नात हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मली, आणि अवकहडा चक्रात त्या चरणाचं अक्षर आहे ‘ण’. पहिल्याचं ‘पू’, दुसऱ्याचं ‘ष’, चौथ्याचं ‘ठ’. ‘ठ’पेक्षा बरं, असं मी विहीणबाईंना म्हणाले, तर त्या हसल्या नाहीत. सांगलीहून येतानाच त्या नावांचं पुस्तक घेऊन आल्या होत्या. गुळगुळीत कव्हर, त्यावर गुबगुबीत बाळ आणि खाली लाल गोलात ‘दहा हजारांहून अधिक नावे, अर्थासहित’.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी बंगळूरला इलेक्ट्रॉनिक सिटीत मुक्कामाला होते. जावई जयनगरच्या ऑफिसातून पिवळ्या लाइनच्या मेट्रोनं येतात. 10 ऑगस्ट 2025 ला ती सुरू झाली आणि सिल्क बोर्डाच्या सिग्नलवर जाणारं त्यांचं आयुष्य थोडं परत मिळालं, असं ते म्हणतात. त्या वेळात ते मोबाइलवर नावं वाचत येत. घरी आले की एकीकडे त्यांची यादी, दुसरीकडे विहीणबाईंचं पुस्तक, आणि मध्ये मी.

मी मध्ये, कारण मी पुण्यात आयुष्यभर प्रुफं वाचली. खिळ्यांपासून डीटीपीपर्यंत. नावांचं एक पुस्तकही माझ्या टेबलावरून गेलं होतं. कुणाचं ते सांगत नाही. मूळ प्रत म्हणून आली ती दोन जुन्या पुस्तकांची कात्रणं, कोऱ्या पानांवर डकवलेली, आणि वर मालकांची चिठ्ठी : नावं वाढवा. कशी वाढवायची ते डीटीपीवाल्या मुलाला कुणी शिकवलं नव्हतं, पण त्याला बरोबर कळलं. ‘श्रुती’ होतं, त्यानं ‘शृती’ घातलं. ‘ऋजुता’ होतं, ‘रुजुता’ आलं. ‘अंश’ हा शब्द हाती लागल्यावर तर त्याला थांबवणं कठीण झालं. मी समासात प्रश्नचिन्हं टाकत गेले आणि मालक ती खोडत गेले. त्यांचंही चूक नव्हतं म्हणा. गिऱ्हाईक अप्पा बळवंत चौकात उभं राहून आकडा बघतं, अर्थ तपासत नाही.

त्यामुळे विहीणबाईंचं पुस्तक हातात आल्यावर मी ‘ण’चं पान काढलंच नाही. आधी ‘ध’ काढला, मग ‘घ’. ही दोन अक्षरं देवनागरीत सख्ख्या जावांसारखी, एकीची साडी दुसरीच्या अंगावर कधी जाते कळत नाही. ‘ध’मध्ये होतं : धृती – धैर्य. ठीक. ‘घ’मध्ये होतं : घृती – धैर्य. म्हणजे कधीतरी कुणाची तरी छपाईची चूक झाली, ती पुढच्याच्या कात्रणात गेली, अकारविल्हे लावताना ‘घ’त जाऊन बसली आणि आता तिला स्वतःचा अर्थही मिळाला. उद्या एखाद्या मुलीचं नाव घृती ठेवलं जाईल आणि शाळेत बाई विचारतील तेव्हा ती ऐटीत ‘धैर्य’ सांगेल.

‘ण’चं पान मग विहीणबाईंनीच उघडून दिलं. तिथे णमिता, णव्या आणि णेहा अशा तिघी होत्या. नमिता, नव्या, नेहा यांच्या टोप्या बदललेल्या. लेक पलंगावरून म्हणाली, “आई, णेहाला हाक मारून दाखव.” विहीणबाईंनी खरंच मारून बघितली.

मग मी त्यांना जे सांगितलं, ते त्यांच्याच शास्त्रातलं होतं. नक्षत्रं 27, प्रत्येकाचे चरण 4, म्हणून अक्षरं 108 लागतात. ती भरताना ङ, ञ, ण हेही आले. पण या अक्षरांनी नाव सुरू होत नाही हे जुन्या ज्योतिष्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून त्यांनीच पळवाट ठेवली : ङ आला तर ग घ्यावा, ञ आला तर ज, ण आला तर ड. परंपरा जिथे मोकळेपणानं ‘असं नाव नसतं’ म्हणते, तिथे पुस्तकवाला तीन नावं छापून मोकळा होतो. विहीणबाईंना हे पटलं, पण लगेच त्यांनी ‘ड’ काढला. पहिलंच नाव डिंपल. त्याखाली डॉली. पुस्तक त्यांनी स्वतःच मिटलं.

जावयांची यादी वेगळ्या घराण्यातली. आरव, विहान, रेयांश, कियारा, अनुष्का. मुलगी झाली तरी त्यांनी मुलांची नावं काढून टाकली नव्हती. मित्रांना उपयोगी पडतील म्हणाले. प्रत्येकापुढे अर्थ आणि प्रत्येक अर्थ गोड. मला शंका येते ती नेमकी या गोडीची. खऱ्या भाषेतले शब्द असे एकजात सज्जन नसतात. त्यांत आरडाओरडा असतो, चिखल असतो, भांडी असतात. हजारो नावांच्या पुस्तकात एकाही नावाचा अर्थ साधा, कोरडा किंवा अडचणीचा नसेल, तर अर्थ शोधलेले नाहीत, वाटलेले आहेत.

“आरव म्हणजे शांत,” जावयांनी वाचलं.

मी म्हटलं, मोबाइल द्या. कोलोन विद्यापीठानं संस्कृतचे जुने कोश फुकट बघायला ठेवलेत, ते त्यावर उघडतात. वामन शिवराम आपटे, फर्ग्युसनचे प्राचार्य, त्यांचा 1890 चा कोश. आणि मोनियर-विल्यम्सचा 1899 चा. दोन्हींत आरव म्हणजे आवाज, ओरडा, आक्रोश. ‘रव’ त्यात ढळढळीत दिसतोच आहे. जावई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. त्यांच्या टीममध्ये दोघांच्या घरी आरव आहेत. “दोन्ही पोरं अर्थाला जागलीत,” एवढंच म्हणाले.

विहान मात्र निघाला. पहाट हा अर्थ मोनियर-विल्यम्समध्ये आहे, पण शेवटी एक बारीकसं अक्षर आहे, ज्याचा मतलब असा की हा शब्द कोशकारांच्या याद्यांत मिळतो, ग्रंथांत वापरलेला सापडलेला नाही. मला या बारीक अक्षराचा भारी आदर आहे. कोशकार तिथे सांगतो की माझी खात्री इथपर्यंतच. नावांच्या पुस्तकात असं अक्षर मी आजवर पाहिलेलं नाही. रेयांशला ‘विष्णूचा अंश’ म्हटलं होतं. अंश आहे, पण ‘रेय’ कुठून आणला? विष्णुसहस्रनाम विहीणबाईंना तोंडपाठ; त्यांनी डोळे मिटून मनात एक फेरी मारली आणि मान हलवली. देवाचं नाव म्हणून सांगितलेलं तपासायला ही सगळ्यात सोपी युक्ती आहे, सहस्रनामं छापील मिळतात. पौराणिक माणसाचं नाव असेल तर सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा प्राचीन चरित्रकोश आहे, 1932 पासून.

अनुष्का रशियन. अ‍ॅनाचं लाडाचं रूप. कियारा आयर्लंडकडची, आणि मुळात तिचा अर्थ सावळी, काळी. आपल्याकडे ती एका हिंदी सिनेमातून घरोघरी आली. दोन्ही नावं छान आहेत, परकी आहेत म्हणून मुळीच वाईट नाहीत. पण यादीत दोघींपुढे ‘संस्कृत’ लिहिलं होतं. जिथे भाषेचा रकानाच खोटा, तिथे अर्थाच्या रकान्याचं काय घेऊन बसायचं?

‘तनिष्क’ आलं तेव्हा मला राहवलं नाही. पुस्तकात अर्थ ‘रत्न’. मी जावयांना खिडकीकडे बोट दाखवलं. होसूर रोडला वीरसंद्र्याजवळ टायटनचं मुख्य कार्यालय आहे, घरापासून रिक्षाच्या अंतरावर. हा शब्द त्या कंपनीचे पहिले व्यवस्थापकीय संचालक झर्क्सीस देसाई यांनी दागिन्यांच्या दुकानांसाठी निवडला. कुणी सांगतं टाटांचा ‘ता’ अधिक निष्क, कुणी सांगतं तन अधिक निष्क. निष्क जुना आहे, ऋग्वेदात गळ्यातल्या सोन्याच्या दागिन्याला निष्क म्हणतात, पुढे नाण्यालाही. पण तनिष्क हा पाटी रंगवण्यासाठी जुळवलेला शब्द, आणि तो आता बारशाच्या पुस्तकात अमृता-अरुंधतीच्या पंक्तीला. मला त्याचा राग नाही. जुळवलंय असं छापा, एवढंच.

पुण्यात डेक्कन कॉलेजात 1948 पासून संस्कृतचा एक महाकोश चाललाय. सुमारे 1500 ग्रंथांतून शब्द वेचून चिठ्ठ्या केल्या, त्या कोटीच्या घरात गेल्या. पहिला भाग 1976 ला निघाला. इतक्या वर्षांत ती मंडळी अजून ‘अ’मध्येच आहेत. विहीणबाईंचं पुस्तक ‘अ’ ते ‘ज्ञ’ दीडशे पानांत उरकतं.

माझं स्वतःचं आवडतं नाव वेगळं होतं. इला. मनूची मुलगी, बुधाची बायको, पुरूरव्याची आई, चंद्रवंश तिच्यापासून. कोशात आहे, चरित्रकोशात आहे, दोन अक्षरी, हाक मारायला सोपं. सगळ्या कसोट्यांना उतरलेलं. सकाळी बाळाला न्हाऊ घालायला दोड्डतोगूरहून एक बाई येत. पायांवर बाळ आडवं घेतलेलं, एका हातानं कोमट पाणी, दुसऱ्या हाताची बोटं मानेखाली. मी कौतुकानं म्हटलं, हिचं नाव इला ठेवायचं म्हणतोय. त्यांचा तांब्या वरच्या वर थांबला. “इल्ला?” मग जे हसू फुटलं त्यानं बाळही दचकलं. “अय्यो अम्मा, इल्ला अंता करीतीरा?” कन्नडात इल्ला म्हणजे नाही. सोसायटीच्या मैदानावर संध्याकाळी हाक मारायची आणि तिच्या मैत्रिणींनी उत्तर द्यायचं, इला इल्ला! जावयांना तेवढं कन्नड येत होतं, पण सासूबाईंपुढे बोलायचं कसं म्हणून ते गप्प होते. त्या बाईंनीच मला पुढे बजावलं की लाडानंही साकू म्हणू नका, साकू म्हणजे पुरे. माझ्या मावशीला आम्ही जन्मभर साकूमावशी म्हणत आलो.

तिथून पुढे मी कोशाबरोबर त्या बाईंनाही विचारू लागले. आपल्या मुली जन्मतात एका गावात, शिकतात दुसऱ्या, आणि बोलावल्या जातात तिसऱ्याच भाषेत. पुस्तक छापणारा मात्र अजून सदाशिव पेठेच्या मापानं नावं बेततो.

मृणाल हे नाव लेकीनं काढलं. मी मृणाल गोऱ्यांची गोष्ट तिला लहानपणी सांगायचे, पाण्यासाठी मुंबईत मोर्चे काढणारी पाणीवाली बाई, ते तिच्या डोक्यात राहिलेलं. पुस्तकात अर्थ होता ‘कमळ’. आपट्यांकडे गेले तर कमळ नव्हे, कमळाच्या देठातला तंतू, खायचं मूळ. जावई म्हणाले, “म्हणजे कमलकाकडी?” जवळपास तेच. मला अर्थ फारच आवडला. फुलावर नावं पुष्कळ आहेत, फुलाला धरून ठेवणाऱ्या धाग्यावर नाहीत. न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी दोनदा म्हणून बघितलं, कशाशी गाठ पडली नाही, मान डोलावली.

विहीणबाई अजून गप्प होत्या. त्यांनी पाटी मागितली, नाव लिहिलं आणि मधल्या अक्षराभोवती पेन्सिलीनं गोल काढला. “बघा, ‘ण’ आला की.” पहिलंच हवं असं कुठे म्हटलंय, असंही त्या म्हणाल्या. तसं म्हटलेलं आहे. मी काही बोलले नाही. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात तेच नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या.

जन्माची नोंद दवाखान्यातून आधीच झाली होती, नावाचा रकाना रिकामा ठेवून. 1969 च्या कायद्याखालच्या नियमांत ती सोय आहे : वर्षाच्या आत नाव घातलं तर शुल्क नाही, नंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. बाळंतीण हिंडूफिरू लागल्यावर आम्ही सगळे नोंदणी कार्यालयात गेलो. तिथे माझी एक धास्ती होती. दिल्लीकडचे शेजारी मृणालला ‘म्रिणाल’ म्हणतात, आणि इंग्रजीत एकदा एम-आर-आय पडलं की शाळेपासून पासपोर्टापर्यंत तेच. मी तोंड उघडायच्या आत खिडकीपलीकडच्या बाईंनी नाव ऐकून आधी कन्नडात लिहिलं, ‘मृ’ जोडून, आणि मग इंग्रजीत एम-आर-यू. कन्नडवालेही ऋ आपल्यासारखाच रु म्हणतात. आडनावाला मात्र त्यांनी तीनदा विचारलं, कारण आमच्या जावयांच्या आडनावात ‘झ’ आहे.