हुकलेल्या फेकीनंतर

ऑलिंपिकच्या इतिहासात काही पराभव विजयांहून अधिक स्मरणात राहतात. सिडनी येथे २९ सप्टेंबर २००० रोजी झालेला अमेरिका-लिथुआनिया हा बास्केटबॉलचा उपान्त्य सामना त्यांपैकी एक होय. अमेरिकेने १९९२ पासून एनबीए या आपल्या व्यावसायिक स्पर्धेतील खेळाडू ऑलिंपिकला पाठविण्यास आरंभ केला होता आणि तेव्हापासून तिने तेथे एकही सामना गमावलेला नव्हता. त्या दिवशी अखेरच्या क्षणी गुणफलक ८५-८३ असा होता. चेंडू शारूनास यासिकेविचुस या चोवीस वर्षांच्या लिथुआनियन गार्डच्या हाती होता. त्याने तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेक केली. ती साधली असती तर सुमारे ३५ लाख लोकवस्तीच्या देशाने अजिंक्य समजल्या जाणाऱ्या अमेरिकेला एका गुणाने नमविले असते. ती साधली नाही. त्या सामन्यात त्याने २७ गुण मिळविले होते. लोकांच्या ध्यानी राहिली ती न मिळालेल्या गुणांची फेक.

शोकात्मिका शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांना या प्रसंगाचा मोह पडतो, हे मान्य करावयास हवे. सारी सामग्री येथे सिद्ध आहे: बलाढ्य प्रतिपक्ष, एकाकी नायक, निर्णायक क्षण आणि हातभर अंतरावरून निसटलेले यश. पडदा पाडावा तो इथेच, असे कोणाही नाटककारास वाटेल. परंतु यासिकेविचुसला दुसऱ्याच सामन्यासाठी पुन्हा मैदानात उतरावयाचे होते. लिथुआनियाने ऑस्ट्रेलियाला हरवून कांस्यपदक मिळविले. नाटकाच्या दृष्टीने हा उत्तरभाग अनावश्यक आहे, आणि कारकीर्द म्हणजे बहुतांशी असा अनावश्यक उत्तरभागच असतो.

त्या फेकीचे ओझे समजण्यासाठी ती ज्या देशाची होती तो ध्यानात घेतला पाहिजे. लिथुआनियाने १९३७ आणि १९३९ साली युरोपचे अजिंक्यपद पटकाविले; १९३९ ची स्पर्धा तर कौनस या त्याच्याच शहरी भरली होती. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघाने तो देश गिळंकृत केला. यासिकेविचुस १९७६ साली कौनस येथे जन्मला तो सोव्हिएत नागरिक म्हणून. लिथुआनियाने १९९० साली स्वातंत्र्य घोषित केले आणि १९९२ व १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये आपल्या नावाने कांस्यपदके मिळविली. ज्या देशाचे नाव अर्धशतक नकाशावरून पुसले गेले होते, त्याला ते नाव जगाकडून पुन्हा वदवून घेण्याचे एक साधन म्हणजे हा खेळ होता. अशा संघाचा गार्ड होणे म्हणजे केवळ चेंडू पुढे नेणे नव्हे. कोणाला, केव्हा, कोठे चेंडू द्यावयाचा हे ठरविणारा तो असतो. यासिकेविचुसचे वैशिष्ट्यही पल्लेदार, अनपेक्षित पास हेच होते. इतरांच्या यशाची मांडणी करणाऱ्यावर शेवटचा क्षण मात्र एकट्याने पेलण्याची वेळ आली.

त्यानंतरचा भाग वाचताना काव्यगत न्यायाचा भास होतो. २००३ साली स्टॉकहोम येथे स्पेनला हरवून लिथुआनिया ६४ वर्षांनी पुन्हा युरोपचा विजेता ठरला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू यासिकेविचुस. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तीच अमेरिका समोर आली. या वेळी अखेरच्या मिनिटांत त्याच्या तीन गुणांच्या फेकी एकामागून एक साधत गेल्या. त्याने २८ गुण मिळविले आणि लिथुआनियाने ९४-९० असा विजय मिळविला. चार वर्षांपूर्वीचे ऋण फिटले, असे म्हणून लेखणी खाली ठेवण्याचा मोह पुन्हा होतो. परंतु हा साखळीतील सामना होता. उपान्त्य सामन्यात लिथुआनिया इटलीकडून हरला आणि कांस्यपदकासाठी त्याच अमेरिकेशी गाठ पडली तेव्हा १०४-९६ असा पराभूत झाला. सिडनीत हरून पदक मिळाले होते. अथेन्समध्ये अमेरिकेला जिंकूनही संघ रिकाम्या हाती परतला. कोणत्याही कथाकाराने आपल्या नायकाची अशी वासलात लावली नसती.

क्लबांची कारकीर्दही कथानकाला अशीच दाद देत नाही. अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात चार वर्षे खेळूनही १९९८ च्या ड्राफ्टमध्ये एनबीएच्या एकाही संघाने त्याला निवडले नाही. तो युरोपात परतला. २००३ साली बार्सेलोना, २००४ व २००५ साली मकाबी तेल अवीव आणि २००९ साली पानाथिनायकोस, अशा तीन क्लबांकडून त्याने चार वेळा युरोलीग जिंकली. या विजयांच्या मध्यंतरी, २००५ ते २००७ मध्ये, ज्यांनी पूर्वी नाकारले त्याच एनबीएमध्ये इंडियाना आणि गोल्डन स्टेट या संघांकडून तो खेळला. तेथे त्याची छाप पडली नाही. दिग्विजय करून परतलेला नायक स्वगृही नाकारला जातो, ही कथा होऊ शकली असती. पण स्वगृह हे नव्हतेच.

२०१४ साली खेळणे थांबवून तो प्रशिक्षक झाला. कौनसच्या झालगिरिस संघाचा प्रशिक्षक असताना, २०१७ साली, उपान्त्य फेरी चालू असता एक खेळाडू अपत्यजन्मासाठी रजेवर गेला. हे योग्य आहे काय, असे एका वार्ताहराने विचारले. मूल जन्मणे याहून मोठे काही नाही आणि तुम्हाला मुले झाली की हे कळेल, अशा आशयाचे त्याचे उत्तर जगभर पाहिले गेले. एका उपान्त्य सामन्याने ज्याची ओळख ठरविली, त्याने उपान्त्य सामन्याचे मोल असे नेमके सांगावे, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते. पुढे २०२१ साली बार्सेलोनाचा प्रशिक्षक म्हणून तो युरोलीगचा अंतिम सामना हरला, २०२३ साली ते पद गेले आणि २०२५ साली इस्तंबूलच्या फेनेरबाहचेने त्याच्या मार्गदर्शनाखाली तीच स्पर्धा जिंकली.

ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त बजावून ठेवले आहे, की नायक एक असल्याने कथानकाला एकता येत नाही; एकाच माणसाच्या आयुष्यात असंख्य गोष्टी घडतात आणि त्यांची मिळून एक कृती होत नाही. हे विधान आपण नाटककारासाठीचा इशारा म्हणून शिकवितो. ते चरित्राच्या वाचकासाठीही आहे, असे आम्हांला सुचवावयाचे आहे. मराठी चरित्रलेखनाला ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ या सुभाषिताने फार काळ वेढले आहे. सिडनीची फेक कशाचीही पायरी नव्हती. ती हुकली, आणि हुकलेलीच राहिली. २००३, २००४ वा २०२५ यांपैकी कोणत्याही वर्षाने ती भरून काढली नाही. तशी गरजही नव्हती.

यासिकेविचुसच्या आत्मचरित्राच्या शीर्षकाचा अर्थ ‘जिंकणे पुरेसे नाही’ असा आहे. त्याच्याच कारकीर्दीच्या आधारे त्यास जोड देता येईल: हरणेही पुरेसे नाही. एका निकालाने आयुष्याचा शेवटचा अंक झाला, असे समजून आमच्यासमोर बसणाऱ्या विद्यार्थ्यांना शोकात्मिका अवश्य शिकवावी. मात्र ती नाटकाची रीत आहे, आयुष्याची नव्हे, हेही त्याच तासाला सांगावे.